श्रेयनामावली

जेवणाच्या टेबलावर त्रेसष्ट कॅसेटी,
म्हणून महिनाभर आम्ही उभ्यानेच जेवतो आहोत,
मी आणि माझा नवरा,
ज्याला 'गंजका नांगर' हा बँड
पहिल्या दिवसापासून आवडलेला नाही.

झादारहून एक आली बुटांच्या खोक्यातून,
एक लिन्झच्या ट्रक ड्रायव्हरकडून, तिला डिझेलचा वास.
एकीत पहिली चार मिनिटं कुणाचा तरी बाप्तिस्मा,
मग बाळाच्या रडण्यातूनच
एकदम गिटार निघते.
एक नुसतीच दारात ठेवलेली. ना नाव, ना पत्ता,
वर पेन्सिलीने 'ओपातिया, उन्हाळा'.

व्लाट्का वहीत रकाने आखते :
तारीख, गाव, गाणं,
कॅमेरा किती हलतो (दहापैकी).
नेवेनच्या कॅसेटमध्ये बँड ऐकूच येत नाही,
नेवेनच ऐकू येतो, दोन सूर खाली,
आणि तो म्हणतो, फिल्म इथूनच सुरू करा.
त्यावरून तिघं रुसले.
चौथा पैसे परत मागू लागला
जे त्याने दिलेच नव्हते.

शेवटी तिहोमीर सापडला.
आता क्रालियेव्हित्साला होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो.
बाहेर बुरा वारा पत्रे उचकटत होता,
मी सतरा प्रश्न लिहून नेले होते.
बँड का फुटला? – असेल काहीतरी.
ती चाल तुझीच ना? – असेल.
नखांतलं तेल चिंधीला पुसत
मग त्यानेच एक विचारलं :

दिवे आमच्या डोळ्यांत असायचे.
पहिल्या रांगेच्या पलीकडे काळोख,
काळोखातून आरडाओरडा.
अकरा वर्षं मी त्या काळोखासाठी वाजवलं.
तुमच्याकडे आहे का एखादी,
ज्यात तुम्ही दिसता?

रिएकाला परत येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

तीन रात्री पाहिल्या.
तिहोमीरची बोटं होती, घाम होता,
तुटलेली तार होती सात वेगवेगळ्या बाजूंनी.
आम्ही कुठेच नव्हतो.
तेवढ्या गर्दीत एकालाही
मान मागे वळवावीशी वाटली नव्हती.

मग व्लाट्काने बाद केलेल्यांतून ती काढली,
ओपातियाची. हलणं : दहापैकी दहा.
कुणीतरी ढकललं असणार त्या पोराला.
कॅमेरा पडला, आणि चाळीस सेकंद
नुसते पाय. बूट, चपला, एक अनवाणी टाच,
कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.
मग कुणीतरी उचलला,
पण उलटा धरून.

आणि आम्ही आलो.
व्लाट्का, कमरेपर्यंत केस.
नेवेन, अर्थातच तोंड उघडं.
योसिप दुसऱ्याच मुलीच्या गळ्यात हात टाकून
(हे त्याच्या बायकोला अजून सांगितलेलं नाही).
आणि कडेला, खांबाला टेकून, मी.
जांभई देत.
जबडा निखळेल अशी, सावकाश, पूर्ण.

मी चारला उठले होते त्या दिवशी,
सार्डिनच्या कारखान्यात सकाळपाळी होती.
हे सांगता आलं असतं.

तिहोमीर आला, कोट न काढता बसला,
तीनदा पाहिलं त्याने.
तिसऱ्यांदा काळं बोट थेट पडद्यावर टेकवलं :
ही कोण?
नेवेन छताकडे बघू लागला.
मी म्हणाले, कॉफी कोणकोण घेणार?

तो हसला नाही.
म्हणाला, हिचं बरोबर आहे.
ते गाणं दीड मिनिट जास्तच लांब होतं.

स्वयंपाकघरातून नवऱ्याचा आवाज आला :
पंचवीस वर्षं मी दुसरं काय सांगतोय?

व्लाट्काने नावांची यादी टाइप केली.
शेवटून दुसरी ओळ –
जांभई : ल्येर्का पावाझा.
शेवटची अजून कोरी आहे.
पडलेल्या त्या पोराला आम्ही शोधतो आहोत.