डबल बेल

एकतीस वर्षं खांद्याला चामड्याची पिशवी होती.
सुट्ट्या पैशांनी जड व्हायची,
वळणावर मांडीवर आपटायची.
लोक म्हणायचे, मास्तर, पिशवी सावरा.
आता ही दुसरी.
पोटाच्या डाव्या अंगाला, शर्टाच्या आत,
पंजाएवढी.
हिच्यात कुणी सुट्टे टाकत नाही.

मिरजेला रेबेका सिस्टरनं आरसा धरला होता,
बघा मास्तर, भिऊ नका, तुमचंच आहे.
लाल. ओलं. सोललेल्या टोमॅटोसारखं.
मी मान वळवली.
चौदा महिने वळवलेलीच राहिली.

रंकाळ्याच्या पुढं गेलो नाही.
शकूनं कणकवलीत घर बांधलं, वास्तूला गेलो नाही.
दादू खोताच्या पोराच्या लग्नात
पुढच्या रांगेतल्या बाईनं नाकाला पदर लावला,
आणि मी अक्षता मुठीत तशाच घेऊन घरी आलो.
तिला सर्दी होती, हे मागाहून कळलं.

काल रात्री हौसानं पिशव्या मोजल्या.
चार दिवसांना दोन पुरतात, तिनं सात भरल्या,
भोकं आधीच कापून, पस्तीसच्या मापानं.
ओले रुमाल, कागदात गुंडाळलेली कात्री, एक जादा पायजमा.
ही बॅग डिकीत टाकायची न्हाई, मांडीवर.
मग दारात उभी राहून म्हणाली, मी बी येतो.
(आमच्याकडं बायका येतो म्हणतात, जातो म्हणतात.)
नको म्हटलं.
एकदा एकट्यानं जाऊ दे.

सकाळी मऊ भात, ताक.
कोपऱ्यावर मिसळीचा कट उकळत होता,
त्याला लांबूनच नमस्कार.

स्टँडवर आलो आणि ध्यानात आलं,
इथून घाटापर्यंत कुठल्या नळाला पाणी असतं,
कुठली कडी लागते, कुठल्या दाराला आतून दगड लावायचा,
हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक?
एवढी वर्षं मी हेच तर पाठ करत होतो.

कंडक्टर नवी पोरगी. खाकीला कडक इस्त्री, गळ्यात मशीन.
माझा पास उलटासुलटा करून बघितला.
मास्तर व्हय? कुठला डेपो?
संभाजीनगर.
सोबत कोण?
कुणी नाही म्हटलं,
आणि नेमकं तेव्हाच पोटातला विनातिकीट प्रवासी
गुर्रर्र करून बोलला.

गाडीत एकदम शांत.
शेजारी डालगं घेऊन बसलेली म्हातारी वळली,
भूक लागली काय रं बाळा?
बाळा! एकसष्ट वर्षांचा मी.
लागली म्हटलं.
तिनं ओच्यातनं मूठभर शेंगा काढल्या.
बालिंग्याचा पूल गेला, कळे गेलं,
मी एकेक दाणा पंचवीस वेळा चावत होतो
आणि ती सुनेची गाऱ्हाणी सांगत होती.
तिच्या नाकाकडं बघायचं मी विसरूनच गेलो.

गगनबावड्याला पिशवी फुगली,
वेफर्सचा पुडा घाटावर फुगतो तशी.
तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची, भरायची वाट बघायची नाही,
सिस्टरचा हिशेब.
हॉटेलच्या मागं तोच संडास, कडीच्या जागी तीच सुतळी.
कदाचित मीच बांधलेली.
वाकलो. सोडली. धुतली. पुसली. चिमटा लावला.
पहिल्यांदा खाली बघून केलं सगळं,
मान न वळवता.

बाहेर आलो तर गाडी उभी.
आयुष्यभर दुसऱ्यांसाठी थांबवली,
म्हातारे, गरोदर बायका, चप्पल राहिली म्हणून परत पळालेली पोरं.
माझ्यासाठी कोणी थांबवलेली ही पहिलीच.
पोरगी पायरीवरनं म्हणाली, सावकाश या.

बसलो. बॅग मांडीवर घेतली.
ती मागं पैसे मोजत होती, दोन्ही हात गुंतलेले,
मास्तर, तेवढी दोरी ओढता काय?

दोरी डोक्यावरच होती.
दोनदा ओढली.

दादूच्या पोराला यंदा आहेर द्यायचा राहिलाय.
पोटावरचा पट्टा बोटभर सैल केला
आणि गाडी करूळ घाटाला लागली.