लवूचा खोकला

वैशाखात, भर दुपारी, कौलं तापून तडकतात तेव्हा
माझा भाऊ तीन गोधड्या घेऊन कुडकुडतो.
"तेका थंडी वाजता," म्हणतो.
तो म्हणजे तो. पुण्याचा भाचा ड्रॅगन म्हणतो,
देवळाच्या पायरीशी कोरलाय त्याला गुरव व्याळ म्हणतात,
आम्ही काहीच म्हणत नाही.
हाक त्याला मारली तरी मान लवूची वळते.

नऊ वर्षांचा होता. ओहोटीला कालवं काढायला गेला
आणि खडपात अडकलेल्या त्याच्या कल्ल्यातून
मुशीचा गळ उपसला, दातांनी.
रक्त दोघांचंही होतं.
कुणाचं कुणाच्या तोंडात गेलं ते भरतीला ठाऊक.
संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन घरी आला
आणि त्याला मीठ लागेना. कशातच. आजही
पेजेत मूठभर घालते, तरी विचारतो,
"मीठ घातलंस काय गो?"

गावाचं मात्र बरं झालं, खोटं कशाला बोला.
वादळ चार दिवस आधी कळतं, लवूचे दात ठणकतात.
बांगडा किती वाव पाण्यात आहे ते तो झोपेत बरळतो
आणि खिडकीखाली होडीवाले वही घेऊन बसलेले असतात.
सोसायटीला बर्फाचा कारखाना झाला. देवळाला लाद्या.
बाबल तांडेलने दुसरं इंजिन घेतलं
आणि लवूला टेरिकॉटचा शर्ट दिला,
जो कात टाकायच्या महिन्यात
लवूने अंगावरून ओरबाडून काढला, कातडीसकट.

कणकवलीच्या डॉक्टरने चिठ्ठीवर 'उष्णता' लिहिलं.
तीन कोसांपलीकडे नेलं की त्याच्या नाकातून पाणी येतं,
खारं. मी चव घेऊन पाहिली.
म्हणून कणकवली एकदाच.
म्हणून लग्न नाही, त्याचं.
माझंही नाही, पण ते कुणी हिशेबात धरत नाही,
मीसुद्धा आत्ताच, ओघात, बोलून गेले.

एक गेला तर दुसऱ्याचं काय, गुरवाला विचारलं.
म्हणाला, मागे एकदा झालं होतं तसं,
सात वर्षं खाडीत मासा नव्हता.
माणसाचं काय झालं ते सांगायला विसरला.

मागच्या पौषात ट्रॉलरच्या पंख्याने त्याला कापलं
आणि इथे, माजघरात, कुणी हात न लावता
लवूची पाठ उघडली. सोळा टाके.
त्या रात्री मी माडाचा कोयता घेतला.
म्हटलं, जे बांधलंय ते दिसलं तर तोडीन,
नाही दिसलं तर भांडेन तरी,
बेचाळीस वर्षांचं तोंड साठलंय माझ्याकडे.

खाडीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर पडला होता.
काळोख. पायाला लागणारं पाणी कोमट, त्याच्या श्वासानं.
डावा पुढचा पाय कोपरात वाकडा,
लवू माडावरून पडला त्या साली त्याचा हात झाला, अगदी तसा.
डोळे घट्ट मिटलेले. लवूला काळोखाची भीती आहे.
मग तो खोकला.
कोरडा, दोन लहान, एक लांब, शेवटी गिळल्यासारखा.
जन्मभर भिंतीपलीकडून ऐकलाय, मी चुकायची नाही.
एवढं मोठं जनावर, पोटात आग, तीनशे वर्षांचं म्हणतात,
आणि आमच्या घरचा दमा त्याला लागला.

कोयता तिथेच राहिला.
दुसऱ्या दिवशी बाबलने आणून दिला, काही न विचारता.

आता रात्री खोबरेल गरम करते, कापूर चुरते,
लवूच्या छातीला चोळते, टाक्यांना सांभाळून.
"बरा वाटता?"
तो लगेच सांगत नाही. कान खिडकीकडे.
मीही थांबते, तेलकट हात तसेच,
खाडीवरून येणारा खोकला
बसतो की नाही ते ऐकत.