अण्णांचा हिरा

आमच्या घरात एकच हिरा होता.
पितळी दांड्याच्या टोकाला, मोहरीएवढा,
डोळे बारीक केले तरच दिसणारा.
त्याला ना बोट मिळालं, ना नाक, ना गळा.
रॉकेलच्या वाटीत तोंड बुडवून
शहापूरच्या गल्लीतल्या अडीच हात दुकानात
तो जन्मभर काचेवर चालला.

अण्णा म्हणायचे, हिरा कापत नाही गं.
तो नुसती रेघ ओढतो.
तुटायचं काम काच आपलं आपण करते.
मग रेघेच्या दोन्ही अंगांना दोन अंगठे,
हलका दाब,
आणि टक्.
आवाजावरून त्यांना कळायचं रेघ सरळ गेली का.
त्याच रेघेवरून हिरा परत फिरवायचा नाही,
एवढा एकच नियम होता त्यांचा.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा आमच्या धंद्याचा.
खडेबाजारात, कॉलेज रोडला, कुठं ना कुठं फुटायचंच.
मराठी दुकानाची काच, कन्नड दुकानाची काच.
बसची तेवढी आम्हाला जमायची नाही.
अण्णा सायकलला फूटपट्टी बांधून निघायचे,
कन्नडात ऐकलेलं माप मराठीत लिहून आणायचे, इंचात.
त्या आठवड्यात घरी मटण असायचं
आणि आई वाढताना कुणाकडे बघायची नाही.

आपल्यात काच म्हणजे आणखीही काही.
नवी चप्पल काचते. परकराची नाडी काचते.
आक्काला गडहिंग्लजला सासरी काच होता,
पत्रातून तो नीट दिसायचा,
पलीकडचं सगळं दिसतं तसा.
शेजारच्या शिवलिंगव्वाला हे समजावून सांगता सांगता
माझी जीभ दमली.
तिच्या भाषेतला गाजु नुसता खिडकीला असतो,
कमरेला रुतत नाही.

एकदा बैलहोंगलकडची एक बाई आली, नीलव्वा नावाची.
पदराची गाठ सोडून तिनं सासूची चमकी काढली,
काचेच्या भुग्यातच ठेवली.
"अण्णा, इदु वज्रानो गाजो, नोडरी."
सराफाकडं का गेला नाहीत, अण्णांनी विचारलं.
म्हणाली, सराफ आधी माझ्या लुगड्याकडं बघतो
आणि मग खड्याकडं.
तीन मुलगे, तीन सुना. परवा वाटणी.

अण्णांनी एक तुकडा पुढं ओढला,
खडा चिमटीत धरून फिरवला.
घसरला.
परत फिरवला, त्याच जागेवरून, नियम मोडून.
फुंकर मारून तुकडा उजेडाला धरला.
काही नाही. गुळगुळीत.
मी बारा वर्षांची. मला वाटलं, ही आता रडणार.
अण्णांनाही वाटलं असावं,
ते नको तेवढा वेळ चष्मा पुसत बसले.
"गाजु," शेवटी म्हणाले.

ती हसली. पानानं रंगलेले सगळे दात दाखवून हसली.
"हंगार नंद उळीतु."
म्हणजे, मग माझीच राहिली.
आणि तिथंच, चौकट बसवायला आलेल्या
कुणाच्या तरी आरशात बघून
नाकात घातली, फिरकी घट्ट केली,
पैसे किती विचारलं. अण्णांनी नुसता हात हलवला.

अण्णा गेले. दुकानात आता मोबाईलची कव्हरं,
आणि स्क्रीनवर चिकटवायची काच,
जिला कुठलाच हिरा चालत नाही.
माझ्याही बोटात एक आहे, सर्टिफिकेटसकट आलेला.
वर्षातले अकरा महिने तो लॉकरात असतो,
खरा असल्याची शिक्षा भोगत.

परवा रात्री, कुणी बघत नाही असं पाहून,
स्वयंपाकघराच्या खिडकीवर त्यानं एक रेघ ओढली.
ओढली गेली. बारीक, पांढरी, थोडी वाकडी.
सकाळी उन्हात ती सगळ्यात आधी दिसते.
दोन्ही अंगठे दोन बाजूंना ठेवून बघितले मी,
दाबले नाहीत.