ठेका

यझ्दमधल्या आमच्या तालमीचं दार बुटकं आहे,
मुद्दामच. माणसानं मान लववून आत यावं म्हणून.
विशीत या चौकटीवर मी तीनदा कपाळ फोडून घेतलं.
आता वाकावं लागत नाही,
पाठीनं ते काम परस्पर उरकलंय.

मुर्शिद यदुल्ला ओट्यावरून घंटेचा एक टोल देतो,
जुन्या माणसाचा मान.
मी हौद्यात उतरतो, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत,
लहान मूल उतरतं तसा.

भिंतीशी माझी मुद्गलांची जोडी आहे, वीस-वीस किलोची.
ती आता क्यूमर्स फिरवतो,
माझ्या भट्टीवरच्या शागिर्दाचा पोरगा.
मी घेतो ती सहा-सहाची,
शाळकरी पोरांची,
मुठीशी शाईनं कुणाचंतरी नाव लिहिलेली.
जोर दहा होतात.
अकरावा मी मोजत नाही. झाला तर झाला.

गेल्या गुरुवारी लक्षात आलं,
ढोल हळू वाजतोय.
मी मागे पडू नये म्हणून
यदुल्लानं ठेका सैल सोडलाय.
कधीपासून, कोण जाणे.
रोज्यांपासून? बायको गेली तेव्हापासून?
आणि हौद्यातली अकरा तगडी माणसं
माझ्या खांद्याच्या वेगानं मुद्गल फिरवतायत,
कुणी चकार शब्द काढलेला नाही.

कानशिलं तापली.
चाळीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलोय मी,
मला कसली मेहेरबानी करता?
मुद्गल खाली ठेवणार, इतक्यात
क्यूमर्सकडे नजर गेली.
त्याचे दंड थरथरत होते.

वेगात असलं की वजन स्वतःच झोका घेतं,
आपण नुसते त्याच्या सोबत.
सावकाश फिरवायचं तर
बोटभर अंतरसुद्धा उचलूनच न्यावं लागतं.
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
मलाही नाही.

नंतर जोडे शोधताना तो म्हणाला,
"उस्ताद, आज जीव घेतलात."
मी म्हटलं, पहाटे पीठ मळायला ये,
मग बोल.

यदुल्ला शेगडीवर ढोलाचं कातडं शेकत बसला होता.
"थंडीनं सैल पडतं हे," तो म्हणाला,
माझ्याकडे न बघता.
"पडणारच," मी म्हटलं, "थंडी काय कमी आहे?"

बाहेर जूनची रात्र होती,
भिंतींना हात लावला तर चटका बसत होता.