दोन शून्यं

आईला किंमत सांगताना
मी दोन शून्यं पुसली होती.
साडेतीन हजार, म्हटलं.
तरी ती म्हणालीच, घड्याळाला एवढे?
भिंतीवरचं तर पतपेढीने फुकट दिलंय,
तेही हीच वेळ दाखवतं.

वर्षभर ते मनगटावर होतं.
मीटिंगमध्ये हात टेबलावर कसा ठेवायचा
हे मला त्यानं शिकवलं.
दिवसाला चार-पाच सेकंद पुढे पळायचं.
दुकानदार म्हणाला, यांत्रिक आहे साहेब, पळणारच.
पळालंच शेवटी.

सेनापती बापट रोड, रात्रीचे पावणेअकरा.
कार सर्व्हिसिंगला, म्हणून बहिणीची स्कूटर,
बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.
लाल सिग्नलला डावीकडे एक बाइक येऊन थांबली.
मागचा पोरगा, विशीतला,
म्हणाला, दादा, किती वाजले?
मी हात वळवला. सांगितलंसुद्धा.
त्यानं मनगट धरलं
कासार धरतो तसं, बांगडी भरताना,
न दुखवता, अंगठ्यानं हाड चाचपत.
खट्. सिग्नल हिरवा.
हातावर तुरीही नाहीत,
नुसता एक पांढरा पट्टा,
वर्षभर ऊन न पाहिलेला.

चौकीत हवालदार कुदळे म्हणाले,
नक्की किती वाजता झालं?
मी मनगटाकडे पाहिलं.
त्यांनीही पाहिलं,
मग 'अंदाजे' असं लिहिलं.
किंमत?
हळू आवाजात सांगितली.
त्यांनी शून्यं मोजली, परत मोजली,
आणि शाई वाळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले,
चोराकडे बघावं तसं.
बाही खाली ठेवत जा, एवढंच म्हणाले.

आई म्हणाली, जाऊ दे रे,
साडेतीन हजारांचं तर होतं.
हात शाबूत आहे ना?
मग सहज बोलून गेली:
पहाटे टेकडीवर जाताना
मंगळसूत्राच्या वाट्या ती आत सोडते,
पदर दोन्ही खांद्यांवरून घेते,
मागून गाडीचा आवाज आला की भिंतीकडे सरकते,
चाल न मोडता,
आणि कुणी पत्ता विचारला
तर चार हात लांबून सांगते.
चाळीस वर्षं.
मी इतके दिवस समजत होतो
तिला सकाळी थंडी वाजते.

दिवाळीआधी तिनं एक डबी पुढे केली.
रविवार पेठेतून आणलंय, एकटीच गेले होते.
बघ, अगदी तसंच ना?
तसं नव्हतं.
काटे जाड, पट्टा करकरणारा,
कंपनीच्या नावात एक अक्षर चुकलेलं.
साडेतीनच सांगत होता, म्हणाली,
पन्नास सोडवून घेतले.
भिशीचे पैसे होते, पडूनच होते.
मी म्हटलं, अगदी तसंच आहे.
तेव्हा खरा आकडा ओठांवर आला होता,
तो तिथेच राहिला,
अजून आहे.

परवा पाषाणच्या स्टॉपवर
एका आजोबांनी वेळ विचारली.
मी दोन पावलं मागे सरलो,
तिथून सांगितली.
ते जरा दुखावले असावेत,
थँक्यू न म्हणता बसकडे बघू लागले.
मला त्यांना सांगायचं होतं काहीतरी.
पण मी बाही खाली ओढली, बटण लावलं.
साडेतीन हजारांचं घड्याळ आहे हातात.