वरातीची बस

फरवानियातला हॉल बाराला बंद होतो,
म्हणून वरात नऊलाच निघाली, माझ्या बसमधून.
चाळीस सीट, अठ्ठावन्न माणसं, सहा डफ.
नवऱ्याच्या तळव्यांना मेंदी, वर पॉलिशचे बूट.

अब्दून म्हातारा माझ्यामागं बसून सांगत होता:
आमच्यात लग्न पंधरा दिवस चालायचं.
धरण झालं, सरकारनं उचलून वाळवंटात नेलं,
गावाचं नाव तेच ठेवलं, बल्लाना,
नदी तेवढी राहून गेली.
मग पंधराचे तीन झाले
आणि इथं कुवेतात भाड्याचे चार तास.
आमंत्रणाला घरोघर जायचे, आता फोनवर गुलाब येतो.
आहेराची वही मात्र आहे.
कुणी किती दिनार, आवाज चढवून वाचतात.

मी म्हटलं, हूं.
आमचं देवक कळंब.
झाड कोयनेत बुडालं, नव्या गावठाणात कळंब रुजेना,
तेव्हा माझ्या लग्नात बापानं फांदी
वहीच्या कागदावर काढली, हिरव्या पेन्सिलीनं,
आणि तीच मांडवाच्या मेढीला बांधली.
हे अरबीत कसं सांगायचं?
गियर बदलला.

सालमियाला किनाऱ्याशी थांबव, म्हणाले.
नवरानवरीनं नदीत तोंड धुवायचं असतं.
पाण्याला त्यांच्या बोलीत अमन म्हणतात.
पण हे खारं! हानिम मावशी अडून बसली,
खाऱ्यात आपलं कुणी राहत नाही.

पिशवीतून तिनं बाटली काढली,
कोम ओम्बोच्या कालव्याचं पाणी,
झब्ब्यात गुंडाळून विमानानं आलेलं.
निम्मं झब्बाच प्यायला होता.
उरलेलं ओंजळभर नब्राच्या कपाळावर, गालांवर,
चार थेंब सामिलच्या पायांवर.
बूट हातात धरून तो नुसता हसत होता.
गस्तीची गाडी हळू झाली, बघून गेली.
डफ गप्प, टाळ्या चालूच.

मग मावशी, तीच, अडून बसलेली,
गुडघाभर समुद्रात शिरली
आणि रिकामी बाटली बुडवून भरली.
तिकडं कालव्यात ओतीन, म्हणाली,
त्यांनाही कळू दे पोरगी कुठं दिली.

झाकण वाळूत हरवलेलं.
मी माझ्या बाटलीचं दिलं.
आटे जुळले नाहीत.
तिनं वरून प्लास्टिकची पिशवी बांधली,
दातांनी गाठ ओढली,
आणि म्हणाली, आता वळणावर जरा हळू घे.