आधी कोण

ग्रीनॉकला नोव्हेंबरात आठ वाजले तरी उजाडत नाही.
टेबलावर तिसरा बोर्ड गेलेला.
फेरीबोटीची झडप दोनदा दचकली आणि गप्प झाली,
कन्व्हर्टरवर बोट ठेवलं तर चटका.

मी डेटाशीट चौथ्यांदा वाचत होतो.
शीना मॅकफेलनं ओला कोटही न काढता विचारलं,
"आधी कोण उठतं?"

ऑसिलोस्कोपवर दोन रेघा.
अडीच व्होल्टचा रेफरन्स, काटेकोर, एका केसानंही न हलणारा,
चार मिलिसेकंद आधीच हजर.
आणि त्याच्या मापानं ज्यानं आकडे मोजून द्यायचे
तो अजून अंधारात,
स्वतःच्या पाच व्होल्टची वाट बघत.

समोरचं दार लावलेलं, म्हणून प्रवाह
संरक्षणासाठी ठेवलेल्या डायोडमधूनच आत शिरला,
झोपलेल्या घरात भलत्याच बाजूनं दिवे लावत गेला.
कुणाचं काही चुकलं नव्हतं.
जो बरोबर होता तो लवकर आला,
एवढंच.

तिनं रेफरन्सच्या एनेबल पायाशी
तांदळाएवढा कपॅसिटर डकवला.
"आधी पुरवठा, मग माप, मग हुकूम.
निजताना उलट."

चौथा बोर्ड थंड राहिला.
आउटपुट शून्यावर, हूं की चूं नाही.
खिडकीबाहेर क्लाइडचं पाणी करडं दिसू लागलं.

मी उत्साहात तिच्यामागे गेलो,
तापमानाच्या ड्रिफ्टचे सगळे आकडे घेऊन.
तिनं नुसता तळहात दाखवला.
किटली अजून उकळायची होती.